उपलब्ध गाडीचा रंग

“रंग थोडा चुकला असता, तर गुणगुण्या आज जिवंत असता का?” हा प्रश्न मला एका परिचारिकेने विचारला. आम्ही तिच्या वडिलांच्या बंद दुकानात, रंगाच्या पालथ्या डब्यांवर बसलो होतो. लष्करी पुरवठ्याचा मी अभ्यास करतो, असे तिला कुणीतरी सांगितले होते. म्हणजे मला हे ठाऊक असणार, अशी तिची समजूत. मला उत्तर देता आले नाही. पुढे जे लिहितो आहे तेही उत्तर नव्हे. तिने, तिच्या आईने आणि बोलायच्या मनःस्थितीत असत तेव्हा तिच्या वडिलांनी जे सांगितले, त्याची ही संगती आहे. ती लावताना माझा आवाज काही ठिकाणी चढला असेल. तो उतरवायचा मी प्रयत्न केलेला नाही.

तिच्या वडिलांना सारे मॅचिंगकाका म्हणत. मोटारींना रंग देणे हा त्यांचा धंदा. सबंध गाडी रंगवणे सोपे. ठोकर लागलेल्या गाडीचा एकच दरवाजा रंगवायचा असतो तेव्हा कसोटी लागते, कारण कारखान्याच्या डब्यातला रंग आणि वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी असतात. काका डब्यातल्या रंगात किंचित काळा, थेंबभर पिवळा असे घालत, पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारत आणि तो तुकडा बाहेर उन्हात धरून उभे राहत. वाळेपर्यंत कुणाशी बोलत नसत. मग तो गाडीच्या अंगाला टेकवत. तुकडा दिसेनासा झाला की जमले. नाही झाला तर डब्याला एक अस्सल शिवी आणि पुन्हा पहिल्यापासून. काकू औषधांच्या दुकानात काम करत. त्या म्हणत, “अख्ख्या गावाच्या गाड्यांचे रंग जुळवतात. पायातले मोजे मात्र जन्मात जुळले नाहीत.” हे खरे होते. मी स्वतः पाहिले आहे.

त्यांना एकच मुलगी. तिचे नाव काहीही असले तरी काका तिला ठमे म्हणत. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी नगरपालिकेच्या रुग्णालयातून तिची रवानगी आघाडीवरच्या एका तुकडीच्या वैद्यकीय पथकात झाली. तिथे ती साऱ्यांची सिस्टर झाली.

आघाडीवरच्या तुकडीला वस्तू कशा मिळतात, याविषयी घरी बसलेल्यांची समजूत सरळ असते: तुकडी मागते, सरकार देते. प्रत्यक्षात मागणीचा कागद कंपनीतून बटालियनकडे, तिथून ब्रिगेडकडे, तिथून आणखी वर जातो, आणि प्रत्येक मजल्यावर एक माणूस बसलेला असतो ज्याचे काम ती वस्तू खरोखरच लागते का, हे विचारणे असते. विचारणे गैर नाही. उत्तर येईपर्यंत लढाई थांबत नाही, एवढेच. म्हणून तुकडी दुसरे मार्ग शोधते. तुकडीप्रमुखाच्या हाती स्थानिक खरेदीसाठी थोडा निधी असतो. त्यातून दोर, बॅटऱ्या, ताडपत्री येते. त्याच्या पलीकडचे सामान सैनिक स्वतःच्या पगारातून आणतात. बूट, हातमोजे, दुर्बिणीसुद्धा. आणि जे पगारातही बसत नाही ते घरच्यांकडे मागितले जाते. मागताना माणूस ओशाळा होऊन हसतो, म्हणून घरच्यांना ती गंमत वाटते. मला ती कधीच गंमत वाटली नाही. ज्याने जीव द्यायचा त्यानेच बूटही आणायचे, या व्यवस्थेला इतर कुठल्याही क्षेत्रात आपण लुबाडणूक म्हटले असते. इथे तिला देशप्रेम म्हणतात, आणि वर्तमानपत्रात तिचे फोटो छापून येतात.

सिस्टर पहिल्या रजेवर आली तेव्हा तिच्या पिशवीत दारूगोळ्याच्या पेटीचे एक पोचे आलेले झाकण होते. जेवता जेवता तिने विषय काढला.

“बाबा, एक गाडी हवी.”

“कुणाला?”

“आम्हाला. जखमींना मागे आणायला.”

“सरकारनं दिली होती ना एक?”

“जळली.”

“मग दुसरी मागा.”

“मागितली आहे. मागणी वर गेली आहे.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर म्हणजे वर. देवाच्या खालोखाल कुठेतरी.”

काकू म्हणाल्या, “आणि तोवर जखमींना कसं आणता?”

सिस्टरने हातातला घास ताटात ठेवला. “घोंगडीत,” ती म्हणाली. “चौघांनी चार टोकं धरून.”

त्यानंतर गाडी द्यायची की नाही, यावर त्या घरात चर्चा झाली नाही.

गाडी लाँड्रीवाल्याकडून मिळाली. तो काकांचे जुने गिऱ्हाईक. धुतलेले कपडे घरपोच करायला त्याच्याकडे एक बंद टपाची गाडी होती. आकाशी निळा रंग, आणि दोन्ही अंगांना मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले: डाग राहणार नाही. युद्धात त्याचा धंदा बसला होता.

“न्या,” तो म्हणाला. “लोक आता इस्त्रीचे कपडे घालून जाणार तरी कुठे? फक्त ती अक्षरं माझ्यासमोर खरवडू नका. आमच्या वडिलांनी लिहून घेतली होती.”

“तुमच्या वडिलांना मी वचन दिलं होतं, टिकतील म्हणून,” काका म्हणाले. “मीच लिहिली आहेत. खरवडतानाही मलाच त्रास होणार आहे.”

काकांनी टपातले कपड्यांचे दांडे कापून काढले, दोन स्ट्रेचर एकावर एक बसतील अशा पट्ट्या वेल्डिंगवाल्याकडून लावून घेतल्या. पोचे काढले, पुट्टी भरली, घासली. मग रंग. सिस्टरने झाकण आणले होते ते याचसाठी. लष्करी हिरव्याची अडचण अशी की त्याला चमक नसते, आणि काकांचा सारा जन्म चमक आणण्यात गेला होता. पहिला तुकडा पोपटासारखा निघाला. पुढचा शेवाळासारखा. झाकण उन्हात ठेवून काका त्याच्यापुढे उकिडवे बसत आणि त्याच्याशी भांडत.

सिस्टरची रजा संपत आली होती. “बाबा, एवढं कशाला? मातकट काहीतरी फासा. चालेल.”

“चालेल म्हणू नकोस, ठमे. चालेल हा शब्द माझ्या दुकानात चालत नाही.”

“अहो, तिथे कोण बघतंय?”

“नाक्यानाक्यावर बघतात. खाजगी दिसली तर अडवतील. आत माणूस मरत असेल आणि बाहेर शिपाई कागद मागत असेल. सरकारी दिसली पाहिजे. दुरून नव्हे, जवळून.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. तो मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे काकांनी स्वतःला जे दोष दिले त्यात ते हे विसरले.

शेवटी तुकडा झाकणावर टेकवला आणि दिसेनासा झाला. काकांनी सबंध गाडीला दोन हात मारले. क्रमांक आणि लाल चिन्ह काढण्यासाठी त्यांना साचा हवा होता. साच्याला एक्स-रेची फिल्म उत्तम. वाकते पण फाटत नाही. घरात एकच फिल्म होती: सायकलवरून पडून ठमीचे मनगट मोडले होते तेव्हाची. काकांनी त्या मनगटातून लष्करी वळणाचे आकडे कापून काढले. काकू म्हणाल्या, “बरं झालं, हात मोडला होता ते.”

गाडी न्यायला तुकडीचा चालक आला. हडकुळा, तरतरीत, सतत काहीतरी गुणगुणायचा, म्हणून गुणगुण्या. कुठले गाणे ते कुणाला कधी कळले नाही, कारण तो एका गाण्यातून दुसऱ्यात मध्येच शिरायचा. गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, “काका, ही आमच्या साहेबांपेक्षा जास्त सरकारी दिसते.”

ताब्याच्या कागदावर एका रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला: भेट.

“भेट म्हणजे?” काकांनी विचारले.

“म्हणजे उद्या बिघडली तर आमची आम्ही. सरकारचा संबंध नाही.” मग त्याने दरवाज्यावर बोटाने टिचकी मारली. “पत्रा जरा पातळ वाटतो, नाही?”

“अरे, लाँड्रीची गाडी ती,” काका म्हणाले. “कपड्यांवर कोण गोळ्या झाडणार?”

दोघे खूप हसले. काकांना हे हसू पुढे जन्मभर पुरले.

गाडीने कामे केली. किती जणांना तिने मागे आणले, हे सिस्टर सांगत नाही. “पुष्कळ” एवढेच म्हणते. काही महिन्यांत मागचे टायर गेले. तुकडीने टायरची मागणी केली तर नकार मात्र तत्परतेने आला: भेटीचे वाहन, सुटे भाग देय नाहीत. नकार किती लवकर येऊ शकतो, हे पुरवठ्याच्या अभ्यासकांनी कधीतरी मोजायला हवे. काकांनी गल्लीतल्या गाड्यांचे बरे टायर मिळवले आणि मालमोटारीवर चढवून धाडले. त्यांची तक्रार नव्हती. दिलेली वस्तू जगवणेही आपल्याकडेच, असे त्यांनी मनाशी धरले होते. आणि त्याच सुमारास सिस्टरने फोनवर बोलता बोलता एक बातमी दिली.

“पुरवठा कार्यालयाचे एक अधिकारी पाहणीला आले होते. सगळ्या गाड्या रांगेत उभ्या केल्या. आपल्या गाडीच्या दरवाज्यावरून हात फिरवून म्हणाले, छान ठेवली आहे.”

“ओळखली नाही त्यांनी?”

“कशी ओळखणार? तुम्ही ठेवलंय का काही ओळखण्यासारखं?”

काकांची छाती फुगली. त्यांनी ही गोष्ट बाजारभर सांगितली. लाँड्रीवाल्याला दुकानातून बाहेर बोलावून सांगितली. “साहेबानं हात फिरवला! हात! आणि कळलं नाही त्याला!” लोक म्हणाले, काका, तुम्हाला पदक द्यायला हवे.

त्यानंतरचा फोन सिस्टरने आईला केला. गाडी एका जखमीला घेऊन परतत असताना रस्त्यालगत तोफगोळा पडला. जखमी टपात खाली आडवा होता, सिस्टर त्याच्याशेजारी गुडघ्यांवर, दोघे वाचले. एक लोखंडी कपची चालकाच्या दरवाज्यातून आरपार आली. पत्र्याने तिला अडवले नाही. पत्र्याचे ते कामही नव्हते. गाडी थोडी पुढे जाऊन आपोआप थांबली आणि गुणगुणणे थांबले, असे सिस्टर म्हणाली. तिने त्याला बाजूला सरकवले आणि गाडी स्वतः चालवत आणली.

काकूंनी फोन काकांच्या हाती दिला.

“बाबा, त्याआधीच्या आठवड्यात चिलखती रुग्णवाहिका वाटल्या गेल्या,” ती म्हणाली. “आमच्या शेजारच्या तुकडीला मिळाली. आमचंही नाव यादीत होतं. कापलं.”

“का?”

“वाहन उपलब्ध आहे म्हणून.”

“काय आहे म्हणून?”

“उपलब्ध, बाबा. उपलब्ध.”

काकांनी त्या दिवशी दुकान बंद केले आणि नंतरचे कितीतरी दिवस उघडले नाही. खाटेवर बसून राहायचे. काकूंनी पहिल्यांदा समजूत घातली, मग त्यांच्याही डोक्यात तिडीक गेली. “बसून राहा असेच,” त्या म्हणाल्या. “नवरा उपलब्ध आहे, अशी पाटी लावते दारावर. पोरगी अजून त्याच पत्र्यात बसून फिरते आहे, त्याचं काय ते बघा आधी.”

तो टोला वर्मी बसला. प्रश्न दुःखाचा राहिला नव्हता. चालकाच्या जागी आता सिस्टर बसत होती, आणि दरवाज्याला पडलेले भोक आतून डब्याचा पत्रा ठोकून बुजवले होते.

पुरवठा कार्यालय एका बंद पडलेल्या विमा कंपनीच्या इमारतीत होते. खिडक्यांना वाळूच्या पिशव्या, आत ट्यूबलाइट. पाहणीला आलेला तोच अधिकारी तिथल्या टेबलामागे बसला होता. वयाने काकांपेक्षा लहान, डोळ्यांखाली काळे. चहा गार झालेला. त्याने काकांना बसायला सांगितले. हा तपशील महत्त्वाचा आहे. तो उर्मट नव्हता.

“हे बघा काका, नोंदीत वाहन उपलब्ध आहे. मी स्वतः पाहिलं आहे ते.”

“उपलब्ध आहे तर टायर का दिले नाहीत?”

“टायर सरकारी वाहनांना असतात. ते भेटीचं आहे.”

“मग रुग्णवाहिका द्या.”

“रुग्णवाहिका ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांना.”

“म्हणजे टायर मागितले की गाडी आमची, आणि गाडी मागितली की ती तुमची?”

अधिकाऱ्याने पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. “नियमाप्रमाणे भेटीची वाहनं गणतीत धरत नाहीत, हे खरं आहे. पण मी गणती रांगेवरून केली. रांगेत ती उभी होती. रंग आमचा, आकडे आमचे. मी हातसुद्धा लावून पाहिला. खरं सांगू? त्या रांगेत सगळ्यात व्यवस्थित सरकारी गाडी तीच होती. मला संशय यायला काही जागाच नव्हती.”

बाजारभर सांगितलेली गोष्ट समोरून काकांकडे परत आली होती.

“मग आता खोडा ती नोंद,” ते म्हणाले.

“प्रत्यक्ष पाहणीची नोंद कागदावरून खोडता येत नाही. पुढची पाहणी होईल तेव्हाच बदलेल. पुढल्या महिन्यात येतो आहे मी त्या भागात.” मग त्याचाही आवाज चढला. “तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? मागणाऱ्या तुकड्या ढीगभर आणि गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मला कुणाचं ना कुणाचं नाव कापायचंच होतं. कारण दिसलं, कापलं.”

त्या माणसाचा राग करणे सोपे आहे आणि ते मी टाळतो. पण त्याचे शेवटचे वाक्य मी अनेक वर्षे विसरू शकलेलो नाही. टंचाई ज्यांनी निर्माण केली ते त्या इमारतीत बसत नव्हते. तिथे बसत होता तो तिला कारण पुरवणारा माणूस. आणि कारण कुठून आले? ज्या घराने आपणहून दिले त्याच घरातून. ज्या तुकडीच्या आईबापांनी काहीच पाठवले नव्हते तिचे नाव यादीत राहिले. ज्यांनी पाठवले त्यांचे कापले गेले. जो देतो त्याच्याच देण्याचा पुरावा त्याच्याविरुद्ध वापरायचा, याला प्रशासन म्हणत असतील तर त्या शब्दाची मला शिसारी येते.

काका उठले. दारातून वळून म्हणाले, “तुमच्या डोळ्यांना दिसेल असं करतो.”

ते घरी न येता थेट लाँड्रीवाल्याकडे गेले. “त्या निळ्याचा नंबर आठवतो?” लाँड्रीवाल्याला आठवत नव्हता, काकांना नंबराची गरजही नव्हती. त्याच्या दुकानाच्या फळीचा रंग त्यांनी गाडीवरूनच जुळवला होता, वर्षांपूर्वी. फळीपुढे तुकडा धरून त्यांनी निळा तयार केला. दोन डबे, पांढऱ्याचा एक, स्प्रे गन, छोटा कॉम्प्रेसर. मालमोटारीवाल्याने त्यांना पुढे बसवून नेले.

तुकडीचे मागचे ठाणे बंद पडलेल्या बस आगारात होते. मुलगी धावत आली, बापाच्या गळ्यात पडली, आणि डबे पाहून मागे सरली.

“हे काय?”

“लाँड्रीची गाडी लाँड्रीची करतो.”

“डोकं ठिकाणावर आहे का? निळी गाडी घेऊन पुढे जाऊ मी? लांबून दिसेल!”

“हिरवी दिसली नाही म्हणून काय मिळालं?”

“गुणगुण्या मेला तो गोळा आंधळा होता, बाबा! रंग बघून नाही आला तो. तुम्ही तुमच्या अपराधाची परतफेड माझ्या जिवावर करू नका.”

ती हे इतक्या मोठ्याने बोलली की वर्कशॉपमधले हात थांबले. काका खाली बसले, तिथेच, तेलकट जमिनीवर. बराच वेळ दोघे एकमेकांकडे न बघता बोलले. काय ते दोघांनीही मला सांगितले नाही. तोडगा सिस्टरने काढला. गाडी निळी करायची. पुढे न्यायची तेव्हा आगाराच्या मागच्या ओढ्यातला चिखल लिंपायचा, टपापासून चाकांपर्यंत. पाहणीच्या दिवशी नळीने धुवायचा.

तुकडीप्रमुख मेजर बाजूने जात होते. त्यांनी डबे पाहिले, काकांना पाहिले. “मी इथे नाही,” ते म्हणाले, आणि काकांसाठी चहा पाठवला.

काकांनी स्वतः जुळवलेला हिरवा स्वतः घासून काढला. दरवाज्याच्या भोकाभोवती पत्रा आत वळला होता. तो त्यांनी ठोकून सरळ केला नाही, पुट्टी भरली नाही, नुसता त्याच्यावरून निळा मारला. नजर जाईल तिथे भोक राहू दिले. मग मास्किंग टेप लावून दोन्ही अंगांना पांढरी अक्षरे लिहिली, लाँड्रीवाल्याच्या वडिलांनी सांगितलेल्या वळणाची. डाग राहणार नाही.

त्या गाडीने नंतर चिखल फासून फेऱ्या केल्या. सिस्टर सांगते, चिखल वाळला की ढेप पडून मधूनच अक्षरे दिसत, एका जखमीने स्ट्रेचरवरून तेवढीच वाचली आणि तो म्हणाला, “सिस्टर, मला धुवायला नेताय का?” ती हसली आणि मग तिला हसल्याचा राग आला.

पाहणीच्या दिवशी गाडी धुऊन रांगेत उभी केली. अधिकारी वहीसह रांगेतून चालत आला आणि तिच्यापुढे थांबला.

“ही कुणाची?”

“लाँड्रीची,” सिस्टर म्हणाली.

“इथे काय करते?”

“आमचे जखमी नेते. डाग राहत नाहीत, तेवढी सोय आहे.”

मेजर सरळ पुढे बघत होते. अधिकाऱ्याने गाडीला प्रदक्षिणा घातली. चालकाच्या दरवाज्याशी आला. मागच्या वेळी हात फिरवला होता तिथेच आता भोक होते. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

“हिला हिरवा रंग होता,” तो म्हणाला.

“होता.”

“मंजुरीशिवाय बदललात?”

“मंजुरीशिवाय दिला होता,” मेजर म्हणाले. “आता काढला. सरकारचं यात काही गेलं नाही.”

अधिकाऱ्याने वहीत लिहिले. सिस्टरला वाकून दिसले: वाहन नाही. रांगेच्या शेवटी जाऊन तो परत आला आणि तिला हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या वडिलांना सांगा, दिसलं.” तिने निरोप दिला.

चिलखती रुग्णवाहिका त्यानंतर पंधरवड्यात आली. जड, हळू, आतून लोखंडी वासाची. पहिल्याच महिन्यात तिच्या दरवाज्यावर कपच्या आपटल्या आणि आत आल्या नाहीत. तेव्हा सिस्टर चालकाच्या शेजारी बसली होती. ती आज हयात आहे ती त्यामुळे. एवढे काकांनी मिळवले, आणि मी ते कमी लेखत नाही. तरी रुग्णवाहिका ताब्यात घेताना सिस्टरने आणणाऱ्याला विचारले होते, ही कुणाच्या वाट्याची? तो म्हणाला, मला काय माहीत, यादीत तुमचे नाव होते. म्हणजे दुसरे कुणाचे तरी कापले होते. त्या तुकडीचा चालक काय गुणगुणत असे, हे तिला कधी कळणार नव्हते. बापाकडे तिने हे बोलून दाखवले नाही. माझ्याकडे दाखवले, डब्यांवर बसून, आणि मग तो पहिला प्रश्न विचारला.

काकांनी युद्धानंतर दुकान उघडले, पण एकच दरवाजा रंगवून देणे सोडले. गाडी आणायची तर सबंध रंगवायची, नाही तर दुसरीकडे जा. लोक समजावत, अहो काका, तुमच्यासारखे जुळवणारे दुसरे कोण आहे? ते म्हणत, “जुळवलं एकदा. पुरे.” नाव मात्र मॅचिंगकाका हेच राहिले. थोड्या वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि दुकान कायमचे बंद झाले.

त्या तुकडीने त्या काळात पाठवलेल्या मागण्यांवर पुढे चौकशी बसली. टायर का दिले नाहीत, नाव का कापले, गाड्या इतक्या थोड्या का होत्या, असे प्रश्न तिच्यापुढे होते. काही वर्षांनी पुरवठा विभागाच्या नियमावलीत त्या चौकशीतून आलेले एकच नवे कलम छापले गेले: भेट म्हणून मिळालेल्या वाहनास लष्करी रंग देण्यास मनाई आहे.